डी ड्राइव्हमधली स्थळं

'सी'मध्ये काही ठेवायचं नाही, 'डी'मध्ये ठेवायचं, तिथे सेफ असतं, हे आम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितलं ते आता आठवत नाही. बहुतेक कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणाऱ्यानेच. तो यायचा, मान हलवायचा, "फॉरमॅट मारावा लागेल" म्हणायचा, सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकायचा आणि चपला घालता घालता सांगायचा, "डीला हात नाही लावला हां, टेन्शन घेऊ नका." त्यामुळे आमच्या घरात, आणि मला वाटतं अख्ख्या कल्याण-डोंबिवलीत, लोकांचा डी ड्राइव्हवर जेवढा भरवसा आहे तेवढा सख्ख्या भावावर नसेल. हे सांगणारा माणूस मला एकदा भेटायला हवा. बघतेच त्याच्याकडे.

पप्पांचं सगळं डीमध्ये होतं. सगळं म्हणजे काय, तर दुसऱ्यांच्या मुलामुलींची लग्नं. पप्पा कारखान्यातून टर्नर म्हणून रिटायर झाले आणि महिनाभरात त्यांनी आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याचं काम अंगावर घेतलं. दर वर्षी कल्याणला हॉल घेऊन मेळावा होतो. त्याच्या आधी सगळ्यांच्या बायोडेटांची एक पुस्तिका छापून निघते. लोक टिटवाळ्याला आमच्या घरी येऊन फॉर्म भरून देतात, फोटो फोनवर पाठवतात आणि पप्पा ते एकेक दोन बोटांनी टाइप करतात. टाइप झालं की हातातला फॉर्म फाडून त्याचे अगदी बारीक तुकडे करतात आणि फोटोही फोनमधून काढून टाकतात. का, तर "कुणाच्या पोरीचा नंबर रद्दीत जायला नको, आणि कुणाचा फोटो माझ्या फोनवरून इकडेतिकडे जायला नको." लोक डोळे मिटून त्यांच्याकडे फोटो देतात ते यासाठीच. म्हणजे त्या दीडशेच्या वर मुलामुलींची माहिती जगात एकाच जागी होती, आणि ती जागा म्हणजे आमचा डी.

आता माझं. मी ठाण्याच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत आहे. तिथली पुस्तकांची सगळी नोंद लिनक्सवर, म्हणजे विंडोजसारख्याच पण फुकटच्या सिस्टिमवर, चालते. सुरुवातीला मी त्याला हात लावायला घाबरायचे, मग एकदा ते अडकलेलं मी स्वतः सोडवलं आणि तेव्हापासून माझ्या अंगात आलं. लायब्ररीतल्या लिनक्सला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही, असं मी सगळीकडे सांगत फिरते. खरं तर दुसऱ्या कुणाला तो लावायचाच नसतो.

मग मला ठाणे ते टिटवाळा पट्ट्यातल्या लिनक्सवाल्यांचा एक ग्रुप सापडला. आईशप्पथ, एवढी गमतीशीर माणसं मी कुठे बघितली नाहीत. सकाळी उठल्यापासून एकमेकांना अडकलेल्या काळ्या स्क्रीनचे फोटो पाठवतात. कुणाचं वायफाय चालत नाही, कुणाचा आवाज येत नाही, कुणी लिनक्स टाकलं आणि विंडोजच गायब. त्याच्याखाली दहा जणांचे दहा उपाय, आणि अकरावा हटकून विचारणार, "भाई, रीस्टार्ट करके देखा क्या?" या सगळ्यात एक सर होते. ठाण्याचे, गणिताचे रिटायर्ड शिक्षक. ते एकटेच शुद्ध मराठीत, पूर्णविराम देऊन उत्तर लिहायचे. "प्रथम घाबरू नये." अशी त्यांची सुरुवात.

घरचा कॉम्प्युटर म्हातारा झालेला. चालू करून पप्पा चहा टाकायचे, तो पिऊन कप विसळून ठेवायचे, तेव्हा कुठे त्याला जाग यायची. म्हटलं याच्यात लिनक्स टाकू, पळायला लागेल. पण विंडोज काढून चालणार नव्हतं, कारण पप्पांचा मराठी फॉन्ट त्याच्यातच चालतो आणि छापखानेवाल्यालाही तोच लागतो. मग दोन्ही ठेवायचं ठरवलं. कॉम्प्युटर सुरू केला की समोर यादी येणार, हवं तर लिनक्स निवडा, हवं तर विंडोज. डुअल बूट म्हणतात त्याला, म्हणजे एका घरात दोन बिऱ्हाडं. ग्रुपवर विचारलं, तर सरांनी लिहिलं, "पहिली गोष्ट, बॅकअप घ्यावा. दुसरी गोष्ट, बॅकअप घ्यावा." मी लगेच लिहिलं, "घेतलाय सर." आणि मी खोटं नव्हते बोलत. सीमध्ये जे काही होतं ते सगळं मी डीमध्ये कॉपी केलेलं.

रविवारी सकाळी बसले. पप्पा एका घरी स्थळाची बोलणी करून द्यायला गेलेले, आई पोळ्या लाटत होती. पेन ड्राइव्ह लावला, लिनक्सने विचारलं, कुठे टाकू? आणि समोर जी यादी आली तिच्यात ना सी, ना डी, ना ई. नुसते एक, दोन, तीन, चार. आता ई आमचा रिकामा, दोन-चार जुने पिक्चर सोडले तर काही नाही त्याच्यात. म्हणून लिनक्स ईमध्ये टाकायचं हे माझं पक्कं. मी बोटांवर मोजलं. सी एक, डी दोन, ई तीन. परत मोजलं. परत तीनच. चौथं काहीतरी कॉम्प्युटरचं स्वतःचं असेल म्हटलं, आपल्याला काय करायचंय. तिसऱ्यावर टिचकी मारली, खात्री आहे का म्हणून विचारलं, हो म्हटलं. वर आईला ओरडून सांगितलं, "बघ, माणूस बोलवावा लागला का?"

झालं होतं असं की पहिला नंबर विंडोजने स्वतःसाठी ठेवलेल्या एका चिमूटभर लपलेल्या कप्प्याचा होता. म्हणजे सी दुसरा, डी तिसरा आणि ई चौथा. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने डी आणि ई अगदी सारखे वाटून दिलेले, त्यामुळे आकारावरूनही काही कळलं नाही. पहिला कप्पा एवढासा कसा, हे मला दिसलं होतं. पण मला घाई होती.

वीस मिनिटांत लिनक्स टाकून तयार. रीस्टार्ट केलं, यादी आली, वर लिनक्स, खाली विंडोज. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला, "टिटवाळ्यात डुअल बूट यशस्वी!" धडाधड अंगठे आले. मी दोनदा चहा प्यायले त्या आनंदात.

दुपारी पप्पा आले, जेवले, विंडोज निवडून कामाला बसले. मी आतल्या खोलीत होते. त्यांचा आवाज आला, "अगं, डी कुठे ठेवलास?"

मी बाहेर आले. सी होता. एक दुसरा होता, उघडला तर त्याच्यात ते जुने पिक्चर. मी खुर्ची ओढून बसले आणि इकडे टिचकी, तिकडे टिचकी करत राहिले, जसं काही ते कुठे कोपऱ्यात पडलं असेल. पप्पा मागे उभे. पुस्तिका शुक्रवारी छापायला द्यायची होती आणि त्याच्या पुढच्या रविवारी मेळावा.

मी सरांना फोन लावला. कधी बोलले नव्हते त्यांच्याशी, नुसतं ग्रुपवर. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "संगणक आत्ताच्या आत्ता बंद करा. बंद म्हणजे वायर काढा. त्यावर आता जेवढं नवीन लिहिलं जाईल, तेवढं खालचं कायमचं जाईल."

मी वायर उपटली.

"आता बॅकअप कुठे आहे ते सांगा."

"डीमध्ये," मी म्हटलं.

सर म्हणाले, "म्हणजे कपाटाची जादा किल्ली तुम्ही कपाटात ठेवलीत." मला हसायला आलं आणि त्याच वेळी रडायलाही यायला लागलं.

आई घासायला घेतलेला पोळपाट हातात घेऊनच बाहेर आलेली. "चाललंय ते चालू दे, म्हटलं होतं ना तुला! कुणी सांगितलेलं ते लिनक्स की फिनक्स? शंभर वेळा सांगितलं, पप्पांच्या कॉम्प्युटरला हात लावू नको." तिचं बरोबर होतं, म्हणून मी तिच्यावरच खेकसले. पप्पांनी मात्र फक्त विचारलं, "परत येईल का?" मी म्हटलं, "येईल." मला माहीत नव्हतं. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यापेक्षा त्यांनी एक ठेवून दिली असती तर बरं वाटलं असतं मला.

सोमवारी मी रजा टाकली. अकराच्या सुमाराला सर ठाण्याहून आमच्या टिटवाळ्याला येऊन पोचले. सत्तरीचे, किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट, आणि हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. तिच्यात डब्याच्या शेजारी टॉवेलात गुंडाळलेली एक रिकामी हार्ड डिस्क. पप्पा म्हणाले, "जय भीम सर, बसा." ते म्हणाले, "जय भीम. बसतो, पण आधी रुग्ण दाखवा."

त्यांनी आमच्या डिस्कवर काहीही न लिहिता, पेन ड्राइव्हवरूनच कॉम्प्युटर सुरू केला आणि पुसलेल्या फाइल्स हुडकून त्या रिकाम्या डिस्कवर उतरवणारा एक फुकटचा प्रोग्राम चालू केला. काळा स्क्रीन, त्याच्यावर एक आकडा. सापडलेल्या फाइल्स. सुरुवातीला कितीतरी वेळ शून्य. मी नखं खाऊन संपवली. मग तीन झाले. मग एकदम चाळीस. पप्पा समोर स्टूल घेऊन बसले आणि मॅचचा स्कोअर सांगावा तसे आतल्या खोलीत आईला सांगायला लागले, "एकशे दहा झाले गं!"

दुपारी आईने सरांना त्यांचा डबा उघडूच दिला नाही. बोंबलाची चटणी आणि भाकरी वाढली. सर आधी नको नको म्हणाले, मग दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी अर्धी मागून घेतली. हात धुताना हळूच म्हणाले, "आमच्या घरी फोन आलाच तर डबा खाल्ला असं सांगा."

संध्याकाळी पाचला आकडा थांबला. फोटो आले होते, बायोडेटा आले होते. पप्पांनी सरांचे दोन्ही हात हातात घेतले. पण सर काही खुलले नाहीत. "माल आलाय," ते म्हणाले, "पण लेबलं गेली." एकाही फाइलला नाव नव्हतं. नुसते लांबलचक नंबर. फोटो एकीकडे, माहिती दुसरीकडे, कुठला चेहरा कुठल्या बायोडेटाचा ते कळायला मार्ग नाही. आणि वर एक भानगड. हा प्रोग्राम तुम्ही ठेवलेलं काय आणि टाकून दिलेलं काय, असा फरकच करत नाही. पप्पांनी गेल्या कित्येक वर्षांत काढून टाकलेलं सगळंही वर आलेलं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, ऑफिसातून आले की आम्ही तिघं कॉम्प्युटरसमोर. मी फोटो उघडायचे, आई ओळखायची, पप्पा त्याच्यासमोरचा बायोडेटा शोधायचे. आईची कमाल आहे. या बाईला गॅस कधी लावला ते आठवत नाही, पण चेहरे? "ही आंबिवलीची. हिची आई माझ्यासोबत विहारात यायची. नाक बघ ना, आईचंच." "हा नको, याला दोन मुलं आहेत, याला काय परत उभा करताय?" "ही ती नाही, ही तिची धाकटी. फोटोत साडी मोठीची आहे." एकदा आम्ही उल्हासनगरच्या एका नर्सबाईंच्या बायोडेटावर भिवंडीच्या एका मिशीवाल्या इंजिनिअरचा फोटो चिकटवला आणि तसाच पुढे सरकवला. आई चहा घेऊन आली म्हणून वाचलो, नाहीतर मेळाव्यात गोंधळच होता.

मला हे बायोडेटा एवढे एकापाठोपाठ वाचायची कधी वेळ आली नव्हती. लोकांच्या अपेक्षा वाचून मी हसून लोळत होते. एकाची स्वतःची उंची पाच तीन, अपेक्षा पाच सहा, गोरी, नोकरी करणारी पण घर सांभाळणारी. मी म्हटलं, "पप्पा, याला आरसा पाठवा." पप्पा म्हणाले, "लिहू दे की. मागायला काय जातंय? भेटल्यावर आपोआप कमी होतात अपेक्षा."

शेवटी पंधराएक फोटो आईलाही ओळखता आले नाहीत, म्हणजे तेवढेच बायोडेटा बिनफोटोचे राहिले. मी म्हटलं फोन करून सांगा, फोटो नीट छापून येत नाही, दुसरा पाठवा. पप्पा तयार नाहीत. "त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवलाय, मी थापा मारू?" मग प्रत्येकाला फोन, स्पीकरवर. "जय भीम. काय झालं, माझ्या मुलीच्या हातून सगळं पुसलं गेलं. हो हो, तीच. ठाण्याला लायब्ररीत. हो, शिकलेली आहे." माझं डोकं तापायला लागलेलं. पण खरी मेख त्याच्यापुढेच. पंधरातल्या निदान दहा जणांनी विचारलं, "तुमच्या मुलीचं झालं का हो?" पप्पा म्हणायचे, "नाही. ती सध्या लिनक्स करते." आणि समोरचा म्हणायचा, "अस्सं, अस्सं, चांगलंय."

मी हसले, पण आतून लागलं. आठ वर्षांपूर्वी, तीन स्थळांना पोहे देऊन झाल्यावर, मी पप्पांना म्हटलेलं, "माझा बायोडेटा परत तुमच्या पुस्तकात दिसला ना, तर मी घर सोडून जाईन." त्यानंतर त्यांनी तो विषयच काढला नाही. एकदाही नाही. आणि मला, खोटं कशाला बोलू, त्याचा राग यायचा. वाटायचं, हा माणूस अख्ख्या समाजाची लग्नं लावतो आणि माझ्यावर याने फुली मारून टाकली. किंवा लाज वाटत असेल त्यांना माझी. दुसरं जास्त खरं वाटायचं.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता शेवटचे काही बायोडेटा राहिले. पप्पा आंघोळीला गेलेले. मी एक फाइल उघडली आणि वर माझं नाव.

पत्ता कल्याण पूर्वेच्या आमच्या जुन्या चाळीचा. नोकरी, सहायक, तात्पुरती. मला वाटलं तेव्हाचीच राहिली असेल. बंद केली, पुढची उघडली. परत मी. आता नोकरी कायम झालेली. पुढच्या एकीत पत्ता टिटवाळ्याचा, म्हणजे आम्ही इकडे आल्यानंतरची. अशा आठ निघाल्या. दर वर्षाची एक. उंची सगळीकडे खऱ्यापेक्षा एक इंच जास्त. वर्ण नावाचा रकाना, जो पुस्तिकेत हवाच कशाला म्हणून मी त्यांच्याशी कडाकडा भांडलेले, तो पहिल्या दोन फाइल्सनंतर गायब. छंदामध्ये आधी नुसतं वाचन. या वर्षीच्या फाइलमध्ये वाचन, लिनक्स. जेवताना मी बडबडते ते हा माणूस ऐकतो, हेच मला माहीत नव्हतं.

आणि सगळ्यात खाली, अपेक्षा. दुसऱ्यांच्या बायोडेटात तिथे चार-चार ओळी असतात. माझ्या आठही फाइल्समध्ये एकच ओळ होती. "तिला विचारून लिहिणे."

पप्पा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले. स्क्रीन बघितला आणि जागच्या जागी थांबले. चोरी पकडल्यासारखे.

"हे काय पप्पा?"

"काही नाही गं. सगळ्यांचे करून झाले की तुझा पण करायला बसायचो. शेवटच्या ओळीपर्यंत यायचो. मग तुला न विचारता कसं पुढे जायचं? म्हणून काढून टाकायचो."

"मग विचारायचं ना!"

"तू चिडतेस," पप्पा म्हणाले.

मी खरंच चिडले. मला रडू फुटलं म्हणून चिडले. आठ वर्षं मी काय काय समजून बसलेले या माणसाबद्दल, आणि हा दर वर्षी त्या एका ओळीपाशी येऊन थांबायचा. आई दारात येऊन बघत होती. तिला बहुतेक हे माहीत होतं, कारण ती काहीच बोलली नाही, आणि आई काही बोलत नाही असं होत नाही.

"विचारा आता," मी म्हटलं.

पप्पांनी टॉवेल खांद्यावर टाकला, खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि दोन बोटं कीबोर्डवर ठेवली. "सांग."

उंची नको, पगार नको, नोकरी नको, नवरा हवा की नको हेही मला नीट सांगता येत नव्हतं. पप्पा घाई न करता बसले होते.

"लिहा," मी म्हटलं. "दर वर्षी विचारणे. चिडली तरी विचारणे."

त्यांनी एकेक अक्षर शोधत तेवढंच टाइप केलं. शुक्रवारी सकाळी पुस्तिका घेऊन ते कल्याणला छापखान्यात गेले. माझं पान त्याच्यात नव्हतं. पण ती फाइल या वेळी त्यांनी काढून टाकली नाही.